इस्पितळापासून गल्लीपर्यंत

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी जरा आडवी झाले होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात आशाताई उभी होती, हातात फॉर्म. वय, वजन, रक्तदाब, साखर, तंबाखू खाता का, असे नेहमीचे प्रश्न झाले. मग तिने मान वर न करताच विचारलं, "आजी, गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, उदास वाटतं, असं काही झालं का?"

मी क्षणभर गप्पच झाले. पंचाहत्तरी गाठली, पण सरकारी फॉर्म घेऊन आलेल्या कुणी हा प्रश्न मला आजवर विचारला नव्हता. "नाही गं, ठीक आहे सगळं" असं सांगून तिला पाणी दिलं आणि ती पुढच्या घरी गेली. ती गेल्यावर मात्र किती तरी वेळ मी तशीच बसून राहिले. हाच प्रश्न पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्याच घराच्या दारात कुणी विचारला असता तर? ते नंतर सांगते.

माझ्या लहानपणी मलेरियाची माणसं यायची, फवारणी करायची आणि भिंतीवर तारीख लिहून जायची. देवीची लस टोचायलाही लोक यायचे. तुम्ही आजारी आहात का हे ते आधी विचारत नसत. सगळी वस्ती एकदम, घर न चुकवता. आजाऱ्याने दवाखान्यात जावं ही एक पद्धत आणि दवाखान्याने सगळ्या वस्तीकडे बघावं ही दुसरी. देवी, मलेरिया, पोलिओ ह्यांच्या बाबतीत आपण दुसरी पद्धत केव्हाच स्वीकारली. मनाच्या आजाराला मात्र ती फार उशिरा लागू झाली. असं का झालं असावं, हे शोधायला मी थोडं वाचलं. मी काही डॉक्टर नाही, मराठी घेऊन बी.ए. झालेली शाळामास्तरीण. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

सुरुवात आपल्या गावापासूनच करते, म्हणजे छावणीपासून. देहूरोडचं कॅन्टोन्मेंट बोर्ड १९५८ चं, पण लष्कराचे डेपो त्याआधीपासून आहेत. छावणी म्हटलं की आपल्याला तारेचं कुंपण आणि पहारेकरी आठवतात. पण भारतात सगळ्या वस्तीच्या आरोग्याचा एकदम विचार जिथे सुरू झाला, त्यातली एक महत्त्वाची जागा म्हणजे ह्या छावण्याच. १८५७ नंतर इंग्रजांच्या लक्षात आलं की आपले शिपाई लढाईपेक्षा बराकीतच जास्त मरताहेत. १८५९ मध्ये एक शाही आयोग नेमला गेला आणि १८६३ मध्ये त्याचा अहवाल आला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैन्यात दर वर्षी हजारी ६९ मृत्यू होत होते! फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी ह्या कामात स्वतः आकडेवारी तपासली होती. उपाय काय केले? गटारं, स्वच्छ पाणी, हवेशीर बराकी. पुढच्या काही दशकांत मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. प्रत्येक शिपायाला वेगळं औषध देऊन हे झालं नसतं. सगळे जे पाणी पितात ते सुधारलं म्हणून झालं.

(शिपायांपुरतंच हे शहाणपण होतं बरं का. छावणीच्या बाहेरच्या आपल्या लोकांच्या वाट्याला ते फार हळू आलं. असो.)

त्याच इंग्रजांनी त्याच काळात वेडाच्या बाबतीत नेमकं उलटं केलं. १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी धरावं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यावा आणि त्याची रवानगी आत व्हावी, असा सगळा मामला. १९१२ मध्ये नवा कायदा आला, पण त्याचाही तोंडवळा तोच होता. आजारी माणसाची वाट दवाखान्यातून न जाता चावडीतून जायची. आपल्याकडे नागपूरला १८६४ मध्ये, रत्नागिरीला १८८६ मध्ये, ठाण्याला १९०१ मध्ये अशी इस्पितळं झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येरवड्याचं झालं. ही चारही सरकारी मनोरुग्णालयं अजून चालू आहेत. येरवड्याचं तर अडीच हजार खाटांचं, देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक.

आपल्या भाषेत ही इस्पितळं कशी रुतून बसली आहेत पाहा. कुणी जरा वेगळं बोललं की पुण्याचा माणूस म्हणतो, "ह्याला येरवड्याला पाठवा", मुंबईचा म्हणतो, "ठाण्याला पाठवा". मीही वर्गात हा विनोद केलेला आहे, खोटं कशाला बोलू? उपचार म्हणजे पाठवणं, गावातून काढून भिंतीच्या आड ठेवणं, हे आमच्या जिभेवर इतकं बसलं होतं.

स्वातंत्र्य मिळण्याच्या जरा आधी, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. देशाच्या आरोग्याचा इतका मोठा आढावा त्याआधी झाला नव्हता. मनोरुग्णालयांबद्दल समितीने लिहिलं की आपल्याकडे साधारण ४० हजार लोकांमागे एक खाट आहे आणि इंग्लंडमध्ये ३०० लोकांमागे एक. आता गणित करून बघा. इंग्लंडइतक्या खाटा करायच्या म्हटल्या तर आहे त्याच्या शंभरपट आणि वर इस्पितळं बांधावी लागली असती! ते कधीच होणार नव्हतं. म्हणजे फक्त खाटा वाढवून हा प्रश्न सुटणारा नाही, हे तेव्हाच दिसत होतं.

मग वाट कुठली? मला सापडलेली पहिली वाट अमृतसरची आहे. तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर नावाचे प्रमुख होते. इस्पितळात जागा नाही म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही राहायला बोलावलं. घरच्यांनी आजार जवळून पाहिला, औषध कसं द्यायचं ते शिकून घेतलं. माणसं लवकर बरी होऊन घरी जाऊ लागली आणि घरचेही त्यांना परत न्यायला तयार होऊ लागले. अडचणीतून निघालेला मार्ग, पण त्याने भिंतीला पहिलं भगदाड पाडलं.

दुसरी वाट तर आपल्या शेजारच्या पिंपरीतून जाते! पूर्वी वेड्यांच्या इस्पितळांत एक ठरावीक प्रकारचे रुग्ण असायचे. उपदंश हा गुप्तरोग वर्षानुवर्षं अंगात राहून मेंदूपर्यंत पोचायचा, माणूस भ्रमिष्ट व्हायचा, लुळा पडायचा आणि मरायचा. पेनिसिलिन आलं आणि हा प्रकार हळूहळू जवळजवळ संपलाच. ते पेनिसिलिन भारतात सरकारी कारखान्यात तयार होऊ लागलं ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, १९५५ पासून. माझ्या वर्गात तिथल्या कामगारांची मुलं होती. मनाच्या एका भयंकर आजारावरचं औषध आपले वडील बनवतात हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि त्यांच्या बाईंनाही!

तसाच एक आजार म्हणजे पेलाग्रा. त्यात कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात आणि शेवटी बुद्धी भ्रमते. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये तो इतका होता की वेड्यांची इस्पितळं त्याने भरलेली असत. डॉ. गोल्डबर्गर ह्यांनी १९१४ पासून काम करून दाखवून दिलं की हा संसर्ग नाही, जेवणातली उणीव आहे. आपल्याकडे दख्खनमध्ये तो नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्यांना व्हायचा. १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया ह्यांनी त्याचा अभ्यास केला. ज्वारीची भाकरी खाऊन मोठी झालेली मी हे वाचून चपापलेच. मग लक्षात आलं की आमच्या भाकरीबरोबर डाळ होती, ताक होतं, शेंगदाण्याची चटणी होती. ज्याच्या ताटात भाकरीशिवाय काहीच नाही त्याच्यावर ही पाळी यायची. अशा माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून काय होणार होतं?

हे वाचताना तुकोबांची आठवण येणं साहजिकच आहे, देहू आमच्या हाकेच्या अंतरावर आहे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. मग ते भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसू लागले. गावातले काही जण तेव्हा काय म्हणाले असतील ते मी सांगायला नको. त्यांच्यातून जे निघालं ते तुकोबा होते म्हणून निघालं. पण त्याच दुष्काळात बायको-मुलं गमावलेली बाकीची हजारो माणसं? त्यांचं दुःख एकेकट्याच्या डोक्यातलं नव्हतं, आभाळातून सगळ्यांवर सारखंच कोसळलं होतं.

युरोपात हा विचार नेटाने मांडला तो एमिल दुरखेम ह्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने, १८९७ मध्ये. (पुण्यात प्लेग आणि रँडचा खून झाला तेच वर्ष.) आत्महत्या ही अगदी खाजगी गोष्ट, पण त्याने दाखवलं की दर समाजाचं तिचं प्रमाण वेगळं असतं आणि माणसाचे माणसाशी धागे जिथे तुटतात तिथे ते वाढतं. पुढे १९३९ मध्ये फॅरिस आणि डनहॅम ह्या दोघांनी शिकागो शहराचा नकाशा घेऊन, स्किझोफ्रेनियाने इस्पितळात दाखल झालेली माणसं कुठून आली ते बघितलं. शहराच्या मध्यावरच्या, भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीत सर्वांत जास्त आणि बाहेर जावं तसं कमी. शहर माणसाला आजारी करतं, की आजारी माणूस घसरत घसरत स्वस्त खोलीत येऊन पडतो, ह्यावर नंतर खूप वाद झाले. थोडंफार दोन्ही खरं असावं.

आता आपल्या भागाकडे या. फाळणीनंतर सगळं मागे सोडून आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत पडली. १९६० नंतर एमआयडीसी आली. सातारा, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, अशी माणसं येत राहिली. पिंपरी-चिंचवडची वस्ती १९९१ मध्ये पाच लाखांच्या आसपास, २००१ मध्ये दहा लाख आणि २०११ मध्ये सतरा लाखांच्या वर. वीस वर्षांत तिपटीहून जास्त! नंतर चाकण फुगलं. खोल्या 'कॉट बेसिस'वर मिळतात, म्हणजे भाडं खोलीचं नाही, खाटेचं. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच गादीवर येऊन निजतो. कंत्राटी नोकरी, सहा-सात महिन्यांनी ब्रेक. गावाकडे सांगायचं की 'कंपनीत आहे'. शिकागोचा तो नकाशा इथे टाकून बघितला तर काय दिसेल, असं माझ्या मनात येतं.

आणि आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. घरातल्या काही जणांना मी हे लिहिलेलं आवडणार नाही, त्यांची आधीच माफी मागते. पण हे गेले, सासूबाई गेल्या, आता मीच एक उरले आहे जिला सगळं माहीत आहे.

आमच्या भाऊजींबद्दल नव्या पिढीला एवढंच ठाऊक आहे की ते काही वर्षं 'नाशिकला होते' आणि मग 'तब्येतीमुळे' घरी बसले. ते नाशिकला कधीच नव्हते. १९७९ मध्ये ते एका कारखान्यात लेथवर होते. हुशार हात. लोणावळा लोकलने जा-ये करायचे, दर आठवड्याला पाळी बदलायची. दिवसा झोप येईना म्हणून चाळीच्या मागे कडुनिंबाखाली बसून राहायचे. मग बोलणं कमी झालं. मग एके रात्री यांना म्हणाले, "दादा, मशीन माझं नाव घेतं."

आम्ही काय केलं? आधी देवऋषी केला. सहा महिने त्यात गेले. मग यांच्या एका ओळखीच्या माणसाने शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथले डॉक्टर चांगले होते. औषध दिलं, दोन महिन्यांत भाऊजी पुष्कळ सुधारले, कामावर जायच्या गोष्टी करू लागले. औषध चालू ठेवायचं, दर महिन्याला दाखवायचं, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तेवढ्यात नणंदेचं लग्न जमत आलं. पाहुण्यांच्या समोर गोळ्यांची पुडी दिसायला नको, दर महिन्याला ह्यांना कुठे नेता असं कुणी विचारायला नको. गोळ्या बंद झाल्या. त्या मी बंद केल्या. डबा मीच कोठीच्या वरच्या फळीवर ठेवला आणि सासूबाईंनी मान हलवली. भाऊजींना लग्नापुरतं गावी ठेवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, नाशिकला नोकरीला आहेत.

लग्न छान झालं. भाऊजी परत आले ते पुन्हा पहिल्यासारखे कधीच झाले नाहीत. नोकरी गेली. त्यांची बायको माहेरी गेली ती आलीच नाही, आणि तिला दोष देण्याचा आम्हाला काही अधिकार नव्हता. पुढची पंधरा वर्षं ते आमच्याकडेच होते. पहाटे उठून सगळ्या चाळीचं पाणी भरायचे, कुणी सांगितलेलं नसताना. माझ्या मुलांना त्यांनी सायकल शिकवली. १९९६ मध्ये साध्या तापाने गेले.

मी शिक्षिका होते. वर्गात अंधश्रद्धा निर्मूलनावर निबंध लिहून घेत होते. त्या काळात आमच्या चाळीत बावीस बिऱ्हाडं होती आणि आता विचार करते तेव्हा कळतं की निदान तीन घरांत असंच कुणीतरी होतं. प्रत्येकाचं आपलं वेगळं 'नाशिक'. एकमेकांना सांगितलं असतं तर तिघी मिळून औषध आणायला एकच खेप पडली असती.

ज्या वर्षांत आमच्या घरात हे चाललं होतं, त्याच वर्षांत देशात दुसरं काहीतरी घडत होतं. बंगळूरच्या निम्हान्सचे डॉक्टर १९७५ च्या सुमारास जवळच्या साकलवाड्याला आणि चंदीगडचे डॉक्टर हरियाणातल्या रायपूर राणीला जाऊन, गावच्या साध्या आरोग्य केंद्रातून हे उपचार देता येतात का ते बघत होते. येतात, असं दिसलं. ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. मग १९८५ ते १९९० ह्या काळात कर्नाटकातल्या बेळ्ळारी जिल्ह्यात तो अख्ख्या जिल्ह्यात राबवून पाहिला. साधा एमबीबीएस डॉक्टर आणि आरोग्यसेवक ह्यांना शिकवायचं, मोजकी औषधं केंद्रात ठेवायची, गावागावात माणसं शोधायची. त्यावरूनच १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, आधी चारच जिल्ह्यांत. वर्ष लक्षात आलं ना? भाऊजी गेले तेच.

पण ह्या सगळ्याची नजर खेड्याकडे होती. शहरात काय, मोठी इस्पितळं आहेत, डॉक्टर आहेत, असं धरून चालले. आमच्याच घरावरून सांगते, इस्पितळ होतं, डॉक्टर होते, आजार ओळखलाही गेला. नव्हतं ते गल्लीत येऊन "गोळ्या का बंद केल्या हो वहिनी?" असं विचारणारं माणूस.

पुण्यात हे काम लोकांनी आपणहून उचललं. १९८६ मध्ये डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट ह्यांनी पु.लं.च्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. ठाण्याला १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींची आय.पी.एच. आली. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींच्या घरातच स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी तो लपवला नाही, १९९७ मध्ये पुण्यात रुग्णांच्या नातेवाइकांची संस्था उभी केली. २००४ चा 'देवराई' सिनेमा आला तोही त्यांच्या पाठबळाने. तो मी टीव्हीवर बघितला आणि अर्ध्यातून उठून स्वयंपाकघरात गेले.

आणि पुण्याच्याच भार्गवी दावर. त्यांच्या आईला मानसिक त्रास होता. आईच्याच नावाने त्यांनी बापू ट्रस्ट काढला. पुण्याच्या गरीब वस्त्यांमध्ये त्यांचा 'सेहेर' नावाचा प्रकल्प उभा राहिला. वस्तीतल्याच बायका कार्यकर्त्या, गल्लीच्या तोंडाशी बैठका, घरी जाऊन बोलणं. कुणाला भ्रम होतात एवढंच न बघता कुणाला पुरेसं खायला मिळत नाही, कुणाला नवरा मारतो, कुणाचं रेशनकार्ड नाही, हेही बघायचं. त्यांची काही मतं, विशेषतः इस्पितळांच्या आणि सक्तीच्या उपचारांच्या विरोधातली, सगळ्या डॉक्टरांना पटणारी नव्हती. मलाही सगळी पटत नाहीत, कारण गोळ्यांनी भाऊजी सुधारलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण वस्तीकडे वस्ती म्हणून बघायचं हे त्यांनी शहरात करून दाखवलं. २०२४ मध्ये त्या गेल्या.

गोव्यात संगाथ ह्या संस्थेने डॉ. विक्रम पटेल ह्यांच्याबरोबर केलेला एक प्रयोग तर जगभर गाजला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. २४ दवाखाने, २,७९६ रुग्ण. निम्म्या दवाखान्यांत साध्या, डॉक्टर नसलेल्या व्यक्तींना समुपदेशन शिकवून बसवलं. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी अशा मदतीने सुमारे ६६ टक्के लोक बरे झाले, मदत नव्हती तिथे सुमारे ४२ टक्के. (खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलं.) नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाने गावातलेच स्वयंसेवक असंच काम करू लागले. खऱ्याखुऱ्या नाशिकला!

माझा पुतण्या हे सगळं ऐकून म्हणाला, "काकू, थोडंफार दुःख प्रत्येकाला असतंच. सगळ्या गावालाच पेशंट करायचं का?" प्रश्न चांगला आहे. ह्याचं उत्तर मी माझ्या वर्गावरून दिलं. एका वर्षी सातवीच्या एका तुकडीचा निकाल पडला. आम्ही नापास झालेल्या सहा मुलांना जादा तास लावले, ते बरोबरच होतं. पण तो वर्ग पत्र्याचा होता आणि दुपारच्या अधिवेशनात भट्टी व्हायचा. पुढच्या वर्षी तुकडी सकाळची केली आणि हुशार-ढ सगळ्यांचेच गुण थोडे थोडे वाढले. जेफ्री रोज नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९८५ मध्ये असंच काहीसं मांडलं आहे. काठावर असलेल्या थोड्या लोकांपेक्षा, थोडा थोडा धोका असलेल्या पुष्कळ लोकांतूनच जास्त रुग्ण निघतात. म्हणून जादा तास हवेतच, पण पत्र्याकडेही बघा. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर एकेक करत बंदी आणली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. कुणालाही पेशंट न करता.

आपल्याकडे कायदाही बदलला. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा देश हादरला. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्याने उपचार हा हक्क ठरवला आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजता तो प्रचंड ताणाखाली आहे असं मानायला सांगितलं. चावडीतून जाणारी वाट १८५८ पासून इतक्या वर्षांनी वळली. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. फ्रिजवर लिहून ठेवा.

तरी अजून खूप व्हायचं आहे. २०१५-१६ मध्ये निम्हान्सने १२ राज्यांत पाहणी केली (त्यात महाराष्ट्र नव्हता). मोठ्या शहरांत मानसिक आजारांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या वर आढळलं, खेड्यांत दहाच्या आत. आणि आजारानुसार १०० पैकी ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. नुसता प्रश्न विचारून भागणार नाही. "हो, उदास वाटतं" असं कुणी म्हणालं तर त्या आशाताईने पुढे त्याला कुठे पाठवायचं, तिथे माणूस असेल का, आणि घरोघरी इतकं ऐकून घेणाऱ्या त्या पोरीचं स्वतःचं कोण ऐकणार, हे सगळं बघायला हवं.

त्या दिवशी तिला "ठीक आहे सगळं" म्हणाले, ते पूर्ण खरं नव्हतं. हे गेल्यापासून पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. म्हणजे बघा, एवढं सगळं वाचून, लिहूनही दारातल्या प्रश्नाला मी जुनंच उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा येणार आहे, शेजारच्या काकूंची साखर तपासायला. तिला आत बोलवीन, चहा करीन आणि फॉर्मवरचं ते उत्तर बदलून घ्यायला सांगेन.

आणि घरच्यांनो, आता कुणी विचारलं तर सांगा. आमचे काका नाशिकला नव्हते. ते इथेच होते, देहूरोडला, आमच्या घरात. त्यांना आजार होता आणि त्यांनी आम्हाला सायकल शिकवली.